ताम्रपटाचा गडू

फार जुनी गोष्ट आहे, कोणत्या राजाची ते आता कुणालाच आठवत नाही. त्याच्या राज्यात न्याय चोख होता, निदान राजा तरी तसं समजत असे. दावा जिंकणाऱ्याला निकाल तांब्याच्या पत्र्यावर कोरून मिळे. त्या पत्र्याची अकरा दिवस घरी पूजा करायची आणि मगच वसुलीला जायचं, अशी तिथली रीत होती.

तिथे एक म्हातारा तांबट राहायचा. एका व्यापाऱ्याने त्याच्याकडून वीस मोठे हंडे ठोकून घेतले आणि पैसे बुडवले. तांबटाने दावा लावला. लेखनिकाचं मानधन, साक्षीदारांची जेवणं यांत घरातलं एकेक भांडं विकलं गेलं. शेवटी तांबटाच्याच घरात मातीच्या गाडग्यातून पाणी प्यायची वेळ आली.

दाव्याच्या तिसऱ्या वर्षी त्याची बायको अंथरुणाला खिळली. वैद्य म्हणाला, "औषध महाग आहे. पण वेळेवर सुरू केलं तर बाई नक्की उठतील."

आणि त्याच महिन्यात तांबट जिंकला. गावाने त्याला हार घातले.

बायको म्हणाली, "अहो, आजच जा ना त्याच्याकडे."

"रीत मोडून कसं चालेल? राजाची मुद्रा आहे यावर. पैसे आता कुठे जातात?"

तो रोज चिंच लावून पत्रा लखलखीत घासायचा, भिंतीवर टांगायचा आणि फुलं वाहायचा. बघायला येणाऱ्यांना कौतुकाने दाखवायचा. भोळा होता बिचारा.

बाराव्या दिवशी तो व्यापाऱ्याच्या दारात गेला. व्यापाऱ्याने पत्रा कपाळाला लावला, तांबटाला गूळपाणी दिलं.

"काका, निकाल मला मान्य आहे. पण माझं आता काहीच उरलं नाही. घर मेहुण्याचं, बैल जावयाचे, दुकान बायकोचं."

"हे कधी झालं?"

"झालं की, याच अकरा दिवसांत."

तांबट दरबारात धावला. कारभारी म्हणाला, "निकाल दिला, आमचं काम संपलं. त्याच्या नावावर काही सापडलं तर सांगा, जप्त करू." तांबट पुढे चार महिने गावोगाव चौकशी करत हिंडला. हाती काही लागलं नाही आणि वैद्य उधार देईना.

एका दुपारी बायको म्हणाली, "तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावंसं वाटतंय हो."

तांबटाने घरभर पाहिलं. तांबं म्हणून एकच वस्तू उरली होती. त्याने ती भिंतीवरून काढली, भट्टीत तापवली आणि ठोकून ठोकून तिचा लहानसा गडू केला. बायको त्यातलं दोन घोट पाणी प्यायली. संध्याकाळी ती गेली.

तेरावा झाल्यावर तांबटाने तो गडू राजापुढे ठेवला. राजाने उलटून पाहिला, तर बुडाशी त्याचीच अर्धी मुद्रा.

"माझा निकाल मोडलास?"

"हो महाराज. त्यातून एवढंच वसूल झालं. दोन घोट पाणी."

राजाने सगळी हकीकत विचारून घेतली, तशी त्याची मान खाली गेली. त्याने मेहुण्या-जावयांच्या नावावर गेलेलं सगळं परत आणवलं, आणि यापुढे हरणाऱ्याच्या कोठाराला आधी कुलूप लागेल, पत्रा मग कोरला जाईल, असा हुकूम काढला. वीस हंड्यांचे पैसे तांबटाच्या ओट्यावर आणून ठेवले गेले. तो रात्र होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसला. औषध आता कुणासाठी आणायचं, हे त्याला सुचेना.

तात्पर्य : निकाल लागला म्हणून न्याय झाला असं नाही, ज्याचं त्याच्या हाती वेळेवर पडलं, तरच तो न्याय.