पिसवांचा हुकूम

आबासाहेब इनामदारांच्या अंगणात पिसवा झाल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं. भरल्या चावडीत त्यांनी हुकूम सोडला, "ज्याच्या अंगावर पिसू सापडेल, त्यानं आजच्या आज वेशीबाहेर व्हायचं!"

सगळा रोख ठकूबाईच्या खंड्यावर होता. कुत्रं म्हातारं, एका डोळ्यानं अधू. वेशीबाहेर लांडग्यांनी त्याला जगू दिलं नसतं. ठकूबाईनं त्याला पोटाशी धरलं. थंडीत हा गुपचूप कुणाच्या पलंगाखाली निजायला जातो, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"सरकार, हुकूम कुत्र्यापुरताच का?"

"हुकूम सगळ्यांना सारखा!" पोटरी खाजवत आबासाहेब गरजले.

तेवढ्यात त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावरून एक पिसू टुणकन उडाली. सगळ्यांनी पाहिली.

ठकूबाईनं खंड्याला खाली सोडून हात जोडले. "मग चला सरकार, तुम्ही पुढं व्हा. खंड्या येईल मागनं. तुमच्या पलंगाखाली निजायची सवय लागलीय, एकट्याला करमायचं नाही त्याला."

खंड्या लंगडत गेला आणि आबासाहेबांच्या पायाशी वेटोळं करून बसला. आबासाहेबांनी खाली वाकून त्याचा कान खाजवला, मग स्वतःची पोटरी.

"कडुलिंबाचा पाला उकळा रे," ते गड्यांना हळूच म्हणाले. "दोघांच्या आंघोळीला पुरेल एवढा."