जुन्या डिस्कवरचा गंधार

"आणि जुनी डिस्क कुठं आहे?"

गोपीनाथबुवांनी हे इतक्या हळू विचारलं, की यशोधनला ते ऐकूच गेलं नाही. हिवाळ्यात घशाची शस्त्रक्रिया झाल्यापासून बुवांकडे कुजबूज तेवढी उरली होती. शिवाय शिष्य स्वतःच्याच बोलण्यात रंगला होता.

आज गुरुपौर्णिमा होती. लोक शाल आणतात, नारळ आणतात, यशोधनने बुवांचा लॅपटॉप आणला होता. गेल्या आठवड्यात तो पुण्याला नेऊन त्याने त्यातली जुनी फिरती हार्ड डिस्क काढली आणि जागी एसएसडी बसवली. पत्त्यांच्या कॅटापेक्षा पातळ डबी, आत काही फिरत नाही, काही घरघरत नाही. बुवांनी आता फक्त बटण दाबावं आणि गंमत बघावी, असं तो म्हणाला.

बुवांनी बटण दाबलं आणि सवयीने तंबोऱ्याची खोळ काढायला वळले.

सवय जुनी होती. पुतण्याने वापरून झाल्यावर दिलेल्या त्या लॅपटॉपमधलं बुवांना एकच गोष्ट येत असे, ती म्हणजे रेकॉर्डिंग सुरू करणं. प्रत्येक शिकवणी ते त्यात घेत. पण तो गडी जागा व्हायला इतका वेळ लावी, की बुवा बटण दाबून तंबोरा लावायला बसत. तारा जुळेपर्यंत कसाबसा पडदा उजळायचा. कुरुंदवाडच्या त्या दोन खोल्यांत शिकवणी अशीच सुरू होई. यशोधन तेव्हा कोवळा होता आणि घाईत होता. हे यंत्र आहे की बैलगाडी, असं तो एकदा चरफडत बोलूनही गेला होता. त्यावर बुवा म्हणाले होते, बरं आहे की, आपल्यालाही तेवढा वेळ लागतोच.

आज खोळीची गाठ सुटायच्या आत पडदा उजळला.

बुवा हातातली गाठ तशीच धरून पाहत राहिले.

"हा आपल्या आधी तयार झाला," ते म्हणाले.

यशोधनला ती शाबासकी वाटली. तो खुशीत हसला.

मग बुवांनी मघाचा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी तो ऐकू गेला. यशोधनने सांगितलं, की ती डिस्क आता गेल्यात जमा आहे, काळजीचं कारण नाही, कामाचं सगळं त्याने नव्या डिस्कवर घेतलं आहे.

"सगळं?"

"कामाचं सगळं, बुवा."

"मग यमन लाव. तुझ्या पहिल्या वर्षातला."

यशोधनचं हसू तिथंच विरलं.

त्याने काय केलं होतं ते त्यालाच ठाऊक होतं. कॉपी करता करता त्याने सहज पहिल्या वर्षातलं एक रेकॉर्डिंग उघडलं होतं. त्यातून त्याचाच आवाज आला... कच्चा, थरथरता, आणि गंधार दर वेळी खाली घसरणारा. अंगावर काटा आला त्याच्या. आज त्याला ऐकायला लोक गावोगावहून येत होते. पत्रिकेत नावाआधी दोन-दोन विशेषणं लागत होती. आणि दिवाळीनंतर बुवांच्या गायकीचा अभ्यास करणाऱ्या एक बाई कुरुंदवाडला येऊन हे सगळं रेकॉर्डिंग घेऊन जाणार होत्या. हा गंधार त्यांनी ऐकायचा? चारचौघांत ऐकवायचा?

त्याने ते मिनिटभरातच बंद केलं. सुरुवातीच्या वर्षांचं काहीच नव्या डिस्कवर घेतलं नाही. शेवटच्या वर्षाचं स्वच्छ गाणं तेवढं घेतलं. पुसलेलं पुन्हा काढून देणारे जाणकार असतात, हे त्याला माहीत होतं. म्हणून जुन्या डिस्कवर त्याने असा काही पोछा मारला, की कुणाच्या हाती काही लागू नये. एवढं करून मन शांत झालं होतं त्याचं.

आता तो म्हणाला, "बुवा, शेवटच्या वर्षातला यमन ऐकू या. त्यात गाणं बसलंय."

"ते नको."

"का?"

"त्यात तू बरोबर गातोस." बुवा दम घ्यायला थांबले. "मग मी कुठं आहे त्यात?"

...

यशोधन आधी नुसता ऐकत राहिला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात येऊ लागलं.

शेवटच्या वर्षी बुवा शिकवणीत नुसते मान डोलवत बसायचे. गरजच नसायची दुसऱ्या कशाची. पण पहिल्या वर्षी गंधार घसरला, की बुवांचा उजवा हात वर जाई. "थांब. ऐक," असं ते म्हणत आणि गंधार लावून दाखवत. तो पुन्हा घसरे, बुवा पुन्हा लावत. संध्याकाळच्या संध्याकाळी अशा गेल्या होत्या. एरवी बुवांनी आपलं गाणं कुणाला घेऊ दिलं नव्हतं. मैफल त्या दिवसापुरती, असं म्हणून ते माईकवाल्याला यंत्र बंद करायला लावत. त्यांचा आवाज या जगात उरला असेल तर तो फक्त यशोधनच्या चुकांच्या मागून येणारा.

आणि यशोधन त्या चुकांच्या पुढं एक मिनिटसुद्धा थांबला नव्हता.

बुवा दर महिन्याला त्याला पेन ड्राइव्हवरही ते सगळं देत असत, हेही त्याला आठवलं. घरी जाऊन त्याने ते पुसून त्यावर मोठमोठ्या गवयांच्या मैफली भरल्या होत्या.

"शस्त्रक्रिया झाल्यापासून ऐकलंच नाही मी," बुवा सांगत होते. "धीर होईना. म्हटलं, पौर्णिमेला हा येईल, दोघं मिळून ऐकू... यशोधन, माझा आवाज मलाच आठवेनासा झालाय रे."

यशोधनने मान खाली घातली.

"बुवा, ते मी पुसलं."

बुवा पडद्याकडे वळले.

"परत मिळणार नाही असं पुसलं."

"का?"

"मी बेसूर होतो त्यात."

...

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बुवा पडद्याकडे पाहत होते. लॅपटॉपमधून बारीकसुद्धा आवाज येत नव्हता. पूर्वीची ती घरघर त्या वेळी ऐकू आली असती, तर यशोधनने तिच्यासाठी काय वाटेल ते दिलं असतं. बुवा रागावतील, निदान जा म्हणतील, अशी तो वाट पाहत होता. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं.

बुवांनी खोळ बाजूला केली. तंबोरा उभा धरला आणि खुंटी पिळायला घेतली. भराभर नाही, नेहमीसारखंच. लॅपटॉप केव्हाचा तयार होऊन बसला होता. त्याला ताटकळत ठेवून बुवांनी चारही तारा मनासारख्या जुळवल्या. मग वाकून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"गा," ते म्हणाले.

"बुवा, आज नको... आज नाही जमायचं."

बुवांची बोटं तारांवरून फिरत राहिली.

यशोधनने षड्ज लावला. डोळे भरून आले होते, छातीत हुंदका अडकला होता. निषादावरून रिषभावर आला आणि गंधारावर चढायला गेला तर आवाज थरथरून खाली घसरला. अगदी तसाच, पहिल्या वर्षासारखा. इतक्या वर्षांत तो असा घसरला नव्हता. तो शरमून गप्प झाला.

बुवांचा उजवा हात वर गेला होता.

"थांब," ते कुजबुजले. "ऐक."

त्यांनी डोळे मिटले. छाती श्वासाने भरली, ओठ उघडले. गळ्यावरची शीर ताठ झाली, आणि वर गेलेला हात हळूहळू एका जागी येऊन अगदी स्थिर झाला. तंबोरा एकटाच वाजत होता. पडद्यावरची आवाजाची रेघ तेवढीच हलत होती.

बराच वेळ गेला. हात खाली आला. बुवांनी डोळे उघडले आणि शिष्याकडे पाहिलं. पूर्वी पाहत तसंच, आलं का ध्यानात, असं.

यशोधनच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बुवा," तो म्हणाला, "मला काहीच ऐकू आलं नाही."

बुवांनी तंबोरा पुन्हा खांद्याशी घेतला.

"मग आणखी एकदा चुकून दाखव."