डबीतले दोन खडू

९ डिसेंबर. कोरडी थंडी, वारा नाही. फार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी निर्मळे बाईंच्या इंग्रजीच्या तासाला वर्गातले खडू संपले. उरले ते बाईंच्या पत्र्याच्या डबीतले दोन, एक पांढरा आणि एक निळा. दरवर्षी बाई ते शेजारी शेजारी धरून मुलांना ‘ॲज लाँग ॲज’, म्हणजे ‘तितकाच लांब’, शिकवत. त्या खडूंनी कधी लिहायचे नाही, असा डबीचा रिवाज होता.

बाईंनी पांढरा उचलला.

“जाऊ नकोस,” निळा म्हणाला. “तू झिजलास की जोडी मोडली. मग आपल्याला डबीत कोण ठेवणार?”

“पण फळा कोरा आहे, दादा.”

“असू दे. सात वर्षांत मी एक टिंबही दिलेलं नाही, म्हणून धड आहे.”

पांढऱ्याने मोठ्या अक्षरात लिहिले: धिस चॉक इज ॲज लाँग ॲज दॅट चॉक. मग बाईंनी दोघांना शेजारी धरले.

“बाई, हे खोटं आहे,” मागच्या बाकावरची यमुना पाटोळे म्हणाली. “पांढरा आखूड झालाय.”

बाईंनी पाहिले. पांढऱ्याला बाद करण्यासाठी त्यांचा हात कचऱ्याच्या टोपलीकडे गेला. तेवढ्यात दुसऱ्या हातातला निळा फळ्याकडे कलला आणि त्याची एक रेघ उमटली.

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि तेच वाक्य तेवढ्याच अक्षरात त्यांनी निळ्याने खाली लिहिले.

“कसं वाटतंय?” पांढऱ्याने विचारले.

“गुदगुल्या होतात,” निळा म्हणाला.

यमुनेने दोघांना मोजले. दोघेही साडेतीन बोटे भरले.