सुगंधाचा मुका संगणक

“…आणि तो स्वतः काय म्हणतोय?” दामोदरगुरुजींनी विचारलं.

“कोण?”

“संगणक.”

श्रीरंगने हसू आवरलं. गुरुजी जन्मांध. अंध माणसांचा हा आश्रम त्यांनीच उभा केला, आणि श्रीरंग मोठ्या ऐटीत त्यांचा शिष्य म्हणून इथे राहिला होता. फुकट मिळणारी, सगळ्यांसाठी खुली असलेली, संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली आश्रमात त्यानेच आणली. तिच्याविषयी काल सभागृहात लांबलचक भाषणही ठोकलं. आणि एरवी धडे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणकाने आज सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं.

“तो म्हणतो, मी बोलतोय,” श्रीरंग म्हणाला. “पडद्यावर आवाजाची पट्टी सारखी हलतेय. खोटारडा आहे.”

शेजारी आश्रमातली अंध विद्यार्थिनी सुगंधा कळ दाबून धडा पुन्हा पुन्हा सुरू करून बघत होती. दुपारी तिची परीक्षा. संगणक प्रश्न वाचणार आणि ती उत्तरं टाइप करणार, अशी परवानगी तिने भांडून मिळवली होती. गेल्या वर्षी प्रश्न वाचायला एक गृहस्थ दिले होते. त्यांना घरी जायची घाई होती. सुगंधाचं वर्ष गेलं.

“दादा, होईल ना?” ती हळूच म्हणाली.

श्रीरंग पुन्हा पडद्याकडे वळला. आवाज वाढवून झाला, संगणक बंद-चालू करून झाला, स्पीकर बदलून झाले.

“सगळं पुसून नव्याने घालतो,” तो म्हणाला.

गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

मग म्हणाले, “संगणकाच्या मागे हात घाल. काय लागतं?”

“तारा. ही जाड तार माझीच, काल भाषणाला सभागृहातल्या टीव्हीला जोडलेली. तिचा इथे काय संबंध?”

“ती धर. डोळे मीट. आणि सोडू नकोस.”

“गुरुजी, वेळ कमी आहे…”

“म्हणूनच.”

श्रीरंग मनातून चरफडला, पण डोळे मिटून निघाला. बाकाला गुडघा आपटला. तार भिंतीच्या कडेने गेली, उंबरा ओलांडून सभागृहात शिरली. तिथे कोणीतरी स्पष्ट आवाजात वाचत होतं.

“राणीमाशी पोळ्यातून बाहेर पडली आणि…”

त्याने डोळे उघडले. टीव्हीभोवती आश्रमातली पाच-सहा म्हातारी माणसं कान देऊन बसली होती.

“दर वेळी इथंच तोडतो मेला,” चंपूआजी कुरकुरल्या. “पुढं काय झालं तिचं?”

श्रीरंग तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

परत येऊन त्याने आवाजाच्या यादीत टीव्हीऐवजी स्पीकर निवडला. तेवढंच करायचं होतं. खोलीत धडा वाजू लागला. सुगंधाने दोन्ही हात तोंडावर धरले आणि रडता रडता हसली. श्रीरंगला इतका आनंद झाला, की लाज वाटायचं राहूनच गेलं.

“बंद का केलं रे?” सभागृहातून आजींची हाक आली.

“दोन्हीकडे बोलता येतं का त्याला?” गुरुजींनी विचारलं.

“येतं. तशी सोय आहे… मी कधी वापरली नाही.”

त्याने ती सुरू केली. तिकडची कुरकुर थांबली. सुगंधा धडा ऐकत, ओठ हलवत उजळणी करू लागली.

श्रीरंग गुरुजींकडे वळला.

“गुरुजी, आता मी काय करू?”

“तिकडे जाऊन त्यांच्यात बस. राणीमाशीचं काय झालं, ते मला येऊन सांग.”