पोवळीचं राहून गेलेलं बोलणं

या, सगळे जवळ सरका. निमे, पाय पांघरुणात घे बघू. आजची गोष्ट मी जरा हळू सांगणार आहे. गोष्टच तशी आहे.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. तिथला राजा भला माणूस. त्याने गावातल्या सगळ्या मुलांसाठी पाठशाळा काढली होती. पाठशाळा म्हणजे काय, तर नदीकाठी एक जुनी बकुळ, तिच्याभोवती शेणाने सारवलेला ओटा आणि ओट्यावर बसलेले धुंडिराजगुरुजी. गुरुजी विद्वान, बरं का! आवाज तर असा, की पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत राहायच्या. त्यांनी कधी कुणावर छडी उगारली नाही. वाईट माणूस नव्हता हो तो.

पण त्यांना एक सवय होती. प्रश्न विचारायचा आणि जो पटकन बोलेल त्याच्याकडे बघायचं. उरलेल्यांकडे त्यांचं लक्षच जायचं नाही. त्याचं कारण होतं. दर चैत्रात बकुळ फुलली की राजाचा दरबार भरायचा. मुलं टपाटप उत्तरं द्यायची, राजा खूश व्हायचा आणि गुरुजींच्या खांद्यावर शाल पडायची. मग गुरुजी वर्षभर त्या एका दिवसासाठीच शिकवायचे.

त्याच नगरात राही नावाची एक माळीण होती. नवरा वारलेला. देवळात हार द्यायची आणि पोट भरायची. तिला एकच लेक, पोवळी. पोवळी हळू बोलायची. एक शब्द यायचा, मग दुसऱ्यासाठी वाट बघावी लागायची. खोल विहिरीतून पोहरा वर यायला कसा वेळ लागतो, तसं. पण आला की भरलेला यायचा.

राहीने लेकीला पाठशाळेत आणलं. म्हणाली, "गुरुजी, पोर हळू बोलते. पण बोलते हो. जरा थांबाल ना तिच्यासाठी?"

"थांबेन की! त्यात काय?" गुरुजी म्हणाले.

मग एक दिवस गुरुजींनी विचारलं, "चंद्र दिवसा कुठे जातो?" पोवळी उभी राहिली. "चंद्र..." म्हणाली. पुढचा शब्द वाटेत होता, तोवर शेजारचा मुलगा बोलून मोकळा झाला. "शाबास!" गुरुजी म्हणाले आणि पुढे गेले. पोवळी थोडा वेळ उभीच होती. मग हळूच खाली बसली.

मग आणखी एक दिवस पाठशाळा सुटल्यावर ती गुरुजींपाशी येऊन उभी राहिली. "गुरुजी, मला..." गुरुजी दरबाराची तयारी करत होते. "उद्या हं, बाळ." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "उद्या." मग तिने येणं सोडून दिलं. ती आली नाही, हेसुद्धा गुरुजींना कळलं नाही.

मग आला चैत्र. दरबार भरला. हुशार मुलं पुढे, बाकीची मागे. पण राजाच्या त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे! तो सिंहासनावरून उतरला, थेट शेवटच्या रांगेत गेला आणि पोवळीसमोर बसला. म्हणाला, "बाळ, तुला पाठशाळेत सगळ्यांत काय आवडतं?"

पोवळीचा चेहरा फुलला. "मला..." म्हणाली. आणि थांबली. सगळा दरबार बघत राहिला. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. आता शाल गेली, नाव गेलं! आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "महाराज, ती मुकी आहे."

दाराशी हारांची टोपली घेऊन राही उभी होती. तिने ते ऐकलं. पोवळीनेही ऐकलं.

त्या काळी गुरूच्या तोंडचा शब्द खरा व्हायचा, बरं का. पोवळीने तोंड उघडलं, तर आवाजच नाही. ती उठली आणि दरबाराच्या पायऱ्यांकडे धावली. धावता धावता लहान झाली, आणखी लहान झाली. शेवटच्या पायरीवरून एक राखी रंगाचं पाखरू उडालं आणि डोंगराकडे गेलं.

नाही रे, रडायचं नाही. ऐक पुढे.

राही गुरुजींसमोर आली. ओरडली नाही, शाप दिला नाही. एवढंच म्हणाली, "थांबेन म्हणाला होतात तुम्ही."

गुरुजींनी खांद्यावरची गेल्या वर्षीची शाल तिथेच टाकली आणि पाखराला शोधायला निघाले. करवंदीच्या जाळ्या शोधल्या. कडे चढले. शेवटी देवराईत शिरले. तिथे एक म्हातारी वाळकी लाकडं वेचत होती. ती साधी म्हातारी नव्हती, ती वनदेवी होती. पण गुरुजींना काय ठाऊक!

म्हातारी म्हणाली, "तुझ्या शब्दाने पोरीची वाचा गेली. रानाने तिला पाखराची दिली. दरबारात जे सांगायचं राहिलं, ते सांगायला ती बकुळ फुलली की येईल. तू ते शेवटपर्यंत ऐक. पोर परत माणूस होईल."

"एवढंच?" गुरुजी म्हणाले.

"एवढंच," म्हातारी म्हणाली. पण ती हसली नाही.

मग पुढचा चैत्र आला. बकुळ फुलली. पाखरू आलं, फांदीवर बसलं. एक सूर काढला आणि थांबलं. गुरुजी थांबले. दुसरा सूर आला. गुरुजींना राहवेना. "पोवळे, कळलं मला! तुला म्हणायचंय की..." भुर्रकन पाखरू उडून गेलं.

त्याच्या पुढच्या वर्षी गुरुजींनी तोंडाला उपरणं बांधलं. बोलायचंच नाही! पाखरू आलं. एक सूर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. गुरुजी गप्प. पण त्यांची मान हलायला लागली. हं, हं, पुढे. बोटं मांडीवर टकटक करायला लागली. मुलांना घाई करताना करायचे ना, तसंच. पाखराने ते पाहिलं आणि उडालं.

मग बकुळ फुलली, पण पाखरू आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी नाही.

गुरुजींकडून म्हातारीचं बोलणं कळल्यापासून राही मात्र रोज बकुळीखाली मूठभर दाणे टाकून जायची. ती आली की गुरुजी मान खाली घालायचे. एकदा धीर करून म्हणाले, "राहीबाई, मला क्षमा..."

"ते नंतर बघू," राही म्हणाली. "आधी बसायला शिका. पाखरापाशी नाही जमत, तर पोरांपाशी बसून बघा."

आणि गुरुजी शिकायला लागले. एवढे मोठे विद्वान, पण हे त्यांना येत नव्हतं. प्रश्न विचारायचा आणि खरोखर गप्प बसायचं. चटकन बोलणारी मुलं चुळबुळ करायची. गुरुजी हाताने खूण करायचे, थांबा. मग कोपऱ्यात काहीतरी हलायचं. एकदा कुंभाराची धाकटी, जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "गुरुजी, चंद्र कुठे जात नाही. उजेडात दिसेनासा होतो." गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच पोवळीला सांगायचं असेल का? की आणखी काही? आता कोणाला विचारणार?

एक मुलगा सगळं उलटं लिहायचा. त्याच्याशेजारी बसून गुरुजी त्याच्यासारखं उलटं लिहून बघायचे, म्हणजे तो कुठे चुकतो ते कळायचं. दुसरी एक सारखी रडायची. तिला कुणी विचारलंच नव्हतं. गुरुजींनी विचारलं, तेव्हा कळलं की घरी बाळाला सांभाळता सांभाळता ती उपाशीच यायची. मग गुरुजींच्या शिदोरीतली अर्धी भाकरी तिची झाली.

दरबारात आता टपाटप उत्तरं येईनात. राजाने गुरुजींना शाल देणं बंद केलं. वाईट वाटलं त्यांना. का नाही वाटणार? पण मुलं मात्र रोज यायची, शेवटच्या रांगेतलीसुद्धा.

असं करता करता बरीच वर्षं गेली. राही म्हातारी झाली. एका पावसाळ्यात आजारी पडली, ती उठलीच नाही. गुरुजी तिच्या उशाशी बसले होते. ती म्हणाली, "बकुळ फुलली की तुम्ही तिथे असा. मी नसेन." आणि ती गेली.

मग चैत्र आला. आणि पाखरू आलं.

गुरुजींनी तोंडाला काही बांधलं नाही. नुसते बसले. पाखराने एक सूर काढला. गुरुजी पुढच्या सुराचा विचार करत नव्हते. क्षमेचाही नाही. ऊन ओट्यावर आलं, ओट्यावरून उतरलं. मुलं आली, तीही गुरुजींच्या मागे गुपचूप बसली. सूर येत राहिले, मध्ये मध्ये थांबत राहिले. हळूहळू त्या सुरांचे शब्द व्हायला लागले.

"मला... तुम्ही प्रश्न विचारला... की कुणी बोलायच्या आधी... जरासं गप्प असतं ना... ते आवडतं. तेव्हा... मला पण... येतं."

बोलणं संपलं. पिसं गळाली. झाडाखाली पोवळी उभी होती.

पण पोरांनो, ती लहान पोवळी नव्हती. गुरुजींच्या कमरेला लागायची ती पोर कुठेच नव्हती. गुरुजींएवढी उंच बाई उभी होती आणि तिच्या केसांत एक पांढरी बट होती.

गुरुजी हात जोडून रडायला लागले. एवढंसंच आवडायचं या पोरीला! तेवढं जरासं गप्प. आणि तेही आपण तिला दिलं नाही.

पोवळीने इकडेतिकडे पाहिलं. "आई?" म्हणाली.

गुरुजींनी तोंड उघडलं. शब्द येईना. आयुष्यभर बोललेला माणूस, पण त्यांना तो एक शब्द सापडेना. पोवळीने घाई केली नाही. त्यांच्याकडे बघत शांत उभी राहिली. शेवटी त्यांनी सांगितलं. मग आई दाणे टाकायची तिथे पोवळी जाऊन बसली आणि खूप वेळ बसून राहिली.

हो निमे, आई गेली होती. ते काही गोष्टीत बदलता येत नाही.

मग पोवळी आईच्या घरी राहायला लागली. हार करायची, देवळात द्यायची. एक दिवस गुरुजी तिच्या अंगणात गेले. म्हणाले, "पाठशाळेत ये ना. शीक, शिकव, काहीही कर." पोवळीला उत्तर द्यायला वेळ लागला. गुरुजी थांबले. ती म्हणाली, "नको, गुरुजी. माझं ते वय... रानात गेलं." रागावून नाही म्हणाली. खरं होतं ते म्हणाली.

गुरुजी घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर बसले. कधी कधी जुनी सवय उसळायची. "बस बाळ" असं तोंडून निघून जायचं. मग ते जीभ चावायचे, त्या मुलाजवळ जायचे, म्हणायचे, "चुकलो. सांग तू." आणि त्याचं होईपर्यंत बसून राहायचे. संध्याकाळी त्यातली काही मुलं पोवळीच्या अंगणात जायची. ती हार ओवायची, मुलं बडबडायची, आणि कुणालाच कसली घाई नसायची.

राजा सुखात राहिला. मुलं मोठी होऊन आपापल्या घरी सुखात राहिली. पोवळी तिच्या अंगणात सुखात राहिली. आणि गुरुजी? तेही सुखातच म्हणू या. थोडं दुखत राहिलं त्यांना, पण सुखात.

चला, दिवा बारीक करते. डोळे मिटा आता. कुणाला काही विचारायचं असेल, तर विचारा सावकाश. मी इथेच बसलेय.