रिंगणाचं मोकळं टोक

एका राज्यात राजापेक्षा नाचाचा मान मोठा होता. त्या नाचाला म्हणत होरो. हातात हात गुंफून लांबलचक साखळी करायची, सर्वांत पुढच्याने रुमाल उडवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे वळणं घेत जायचं. साखळीचं शेपूट मात्र मोकळं ठेवायचं, हा जुना रिवाज. उशिरा येईल त्याने तिथे हात धरायचा.

नाच एक, तऱ्हा तीन. टेकड्यांवरचे लोक भरभर नाचत; पाय टेकला न टेकला की वर! डोंगरातले संथ, त्यांच्या गायदासारखे. गायदा म्हणजे बकरीच्या कातड्याचा पिशवीबाजा, घुमला की दरी भरायची. मैदानातले गुडघे वाकवून असे पाय आपटत, की शेजारच्या गावच्या कोंबड्या दचकाव्यात. ठेका मात्र साऱ्यांचाच लंगडा: दोन पावलं आखूड, एक लांब.

सुगीच्या सणाला तिघांत जुंपली. पुढे कोण? रुमाल कुणाच्या हाती? तिन्ही मुलखांचे वाजवणारे तर रुसून घरीच गेले. राजा बोरील वैतागला. "कोणी पुढे नको, कोणी मागे नको!" असं म्हणून त्याने साखळीची दोन्ही टोकं आपल्या दोन हातांत धरली. राजा भला होता हो, पण घाईत रिवाज विसरला. रिंगण बंद झालं.

विहिरीत राहणारा जादूगार ग्रोज्दान याचीच वाट बघत होता; बंद रिंगणावरच त्याची जादू चाले. त्याला वाकडं काही खपत नसे. तो ढोल घेऊन वर आला आणि बडवू लागला. धम, धम, धम, धम, सगळं सारखं! पाय त्या ठेक्याला जखडले. कुणाला थांबता येईना, हात सुटेनात, आणि पायांखालची जमीन खचू लागली.

राजकन्या राद्काच्या जोड्याची वादी तुटली होती, म्हणून ती उशिरा आली आणि एकटी बाहेर उरली. तिने वडिलांचा हात ओढून पाहिला. छे!

धुराड्यावरचा करकोचा बोलला, "ओढून काय होणार, राजकन्ये? ढोल चुकला तर पाय सुटतील. रुसलेले वाजवणारे घेऊन ये. जमीन सगळ्यांना गिळायच्या आत ये."

राद्का धावली. टेकडीवर स्तामेन धनगर आपली उभी सारंगी कुशीत धरून बसला होता. "डोक्यावर दह्याचा वाडगा घेऊन माझ्या चालीवर नाच. सांडलं तर मी येत नाही." ती नाचली. दही हललं, सांडलं नाही.

डोंगरात याना आजी म्हणाली, "माझं गाणं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही." अगं बाई, केवढं ते गाणं! इकडे बाप जमिनीत चाललाय, पण राद्का ओठ चावून गप्प बसली. आजीने गायदा खांद्याला लावला.

मैदानात बासरीवाला दोब्री म्हणाला, "अंगणात ओली माती टाकलीय. नाचून चोपून दे." तिने आपटून आपटून अंगण असं केलं, की त्यावर भाकरी थापावी.

तिघं आले. पाहतात तो माणसं कंबरेपर्यंत रुतलेली. आणि तरी यांचं सुरू! "आधी मी!" "वा रे वा, आधी मी!"

"भांडता काय मेल्यांनो!" राद्का ओरडली. "तिघंही एकदम वाजवा!"

काय तो गोंधळ! करकोच्याने डोकं पंखाखाली घातलं. ग्रोज्दानचा ढोल अडखळला, धम-धधम झाला, आणि पाय थांबले. पण राजाची मूठ घट्टच.

"सोडा, बाबा!"

"सोडली तर पुन्हा भांडतील गं, पोरी."

"भांडू देत. पण मी कुठे उभी राहू? या नाचात मला जागाच नाही, बाबा."

राजाने पाहिलं. खरंच नव्हती. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने एक हात सोडला.

रिंगण उघडलं. जमीन वर आली, माणसं वर आली. पुढच्या टोकाचा रुमाल मुलखामुलखाने पाळीपाळीने घ्यावा असं ठरलं. राजा स्वतः मागे गेला, आणि राद्काने त्याचा मोकळा हात धरला.

विहिरीपाशी ग्रोज्दान मान खाली घालून उभा होता. राद्काने दुसरा हात पुढे केला.

"मला वाकडी पावलं येत नाहीत," तो पुटपुटला.

"म्हणूनच शेवटी उभे राहा. इथे चुकलेलं चालतं."

पहिल्याच वळणाला त्याने तिच्या पायावर पाय दिला. सगळं राज्य हसलं, आणि ग्रोज्दानही हसला. त्याचा पलीकडचा हात अजून मोकळा आहे म्हणतात. त्या बाजूला गेलात, तर धरा.