देशी शब्द दाराबाहेर

लंडनला लेकाकडे तीन महिने राहून आलेल्या सबनीससाहेबांनी मिरजेत पाय ठेवताच स्वयंपाकीण कोंडाबाईला दम भरला, "या घरात आता फक्त इंग्लिश शब्द! देशी दाराबाहेर. नाही जमलं, तर तूही बाहेर!"

बारा वर्षांचं काम सुटणार म्हणून कोंडाबाई बाईसाहेबांकडे धावली. त्यांनी साहेबांचाच जाडजूड इंग्लिश कोश उघडून तिला चार ओळी वाचून दाखवल्या, तशी ती खुदकन हसली.

दुसऱ्या सकाळी साहेब ओलेत्याने, टॉवेल गुंडाळून ओरडत आले, "माझा शाम्पू कुठाय? पायजमा? अन् कॉट कुठं गेली?"

"अंगणात, साहेब. तुमचाच कोश म्हणतो, चंपीचा शाम्पू, खाटेची कॉट, हे शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेले. देशी ते दाराबाहेर, तुमचाच हुकूम!"

"आणि चटणी?"

"तीही तिथंच. आता बंगला तेवढा राहिलाय बघा, तोही शब्द आपलाच. पण तो काही मला उचलवेना. तेव्हा साहेब, तुम्हीच बाहेर व्हा!"

बाईसाहेबांनी तोंडाला पदर लावला. कुंपणापाशी शेजारी जमू लागले, तसे साहेब टॉवेल सावरत पुटपुटले, "आण बाई सगळं आत. अन् उद्या वेळेवर ये कामाला."